नॉर्मल क्रिएटिनिनवाल्या आजी

वॉर्डातून फोन आला तेव्हा डॉक्टर जरा वैतागलेलेच होते. "मॅडम, तुमचं डिगॉक्सिनचं मशीन नीट चालतंय ना?" डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, रक्तातली त्याची पातळी आम्ही लॅबमध्ये मोजतो. आकडा पटला नाही की दोष लॅबचा, ही वॉर्डाची जुनी श्रद्धा. मी नमुना पुन्हा लावला. तोच आकडा, मिलिलिटरला ३.४ नॅनोग्रॅम. दोनच्या वर म्हणजे धोका, मग आम्ही स्वतःहून कळवतो. रक्तही शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी घेतलेलं, तिथेही खोट नव्हती.

आजी ८२ वर्षांच्या, वजन ३८ किलो. अन्नावर वासना नाही, मळमळ, नाडी मंद, आणि भिंती पिवळ्या दिसतात म्हणून त्या सुनेशी वाद घालत होत्या. ही सगळी डिगॉक्सिन जास्त झाल्याची लक्षणं. गोळी मात्र घरचे मोजूनमापून देत होते. "क्रिएटिनिन १.२ आहे हो, नॉर्मल," डॉक्टर म्हणाले.

गोम तिथेच होती. क्रिएटिनिन हा टाकाऊ पदार्थ, किडनी तो बाहेर टाकते. पण तो तयार होतो स्नायूंत, आणि आजींच्या अंगावर स्नायू उरलेच होते कुठे? मुळात तयारच कमी होत असेल तर किडनी मंदावली तरी रक्तातला आकडा फारसा चढत नाही. वय आणि वजन धरून सूत्राने किडनीच्या सफाईच्या वेगाचा, म्हणजे क्लिअरन्सचा, हिशेब केला, तर मिनिटाला जेमतेम २२ मिली आले. डिगॉक्सिन लगेच थांबवलं, पण सूत्रावर डॉक्टरांचा विश्वास बसेना. मग चोवीस तासांची लघवी मागवली.

काम दिसतं सोपं, बिघडतं चटकन. सकाळी सहाची लघवी टाकून द्यायची आणि वेळ तिथून धरायची. पुढची सगळी, दुसऱ्या दिवशीच्या सहाच्या लघवीसकट, कॅनमध्ये. मधली एखादी संडासात गेली की आकडा खोटा. सुनेने प्रत्येक वेळ कॅनवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहून ठेवली होती. भरली ७२० मिली, म्हणजे मिनिटाला अर्धा मिली. त्यात डेसिलिटरला ६० मिलिग्रॅम क्रिएटिनिन. दिवसाचं एकूण ४३२ मिलिग्रॅम. धट्ट्याकट्ट्या तरुणाचं दीड ग्रॅमच्या आसपास भरतं.

आता लघवीतलं ६० गुणिले मिनिटाचा अर्धा मिली, भागिले रक्तातलं १.२. उत्तर मिनिटाला २५ मिली.

हे २५ मिली लघवीचे नव्हेत, प्लाझ्माचे, म्हणजे रक्तातल्या द्रव भागाचे. मिनिटभरात एवढ्याच प्लाझ्मातलं क्रिएटिनिन पूर्ण काढून टाकण्याइतकं काम आजींच्या किडन्या करत होत्या. निरोगी तरुणात हेच शंभर-सव्वाशे मिली असतं. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं आणि त्यातलं ९९ टक्के पाणी पुन्हा रक्तात जातं. म्हणून किडनीला नुसती गाळणी म्हटलेलं मला खटकतं. गाळून झाल्यावर ती हवं ते परत उचलते. ग्लुकोज एरवी जवळजवळ सगळंच उचलते, त्यामुळे त्याचा क्लिअरन्स शून्य. क्रिएटिनिन उचलत नाही, उलट आपल्या बारीक नलिकांतून थोडं आणखी बाहेर टाकते. म्हणजे आमचे २५ सुद्धा जरा फुगलेलेच!

डिगॉक्सिन मुख्यतः किडनीवाटेच बाहेर पडतं. गोळी रोज पोटात जात होती, निचरा होत नव्हता, साठत गेलं. एरवी दीड-दोन दिवसांत त्याची पातळी निम्म्यावर येते. आजींची चार दिवसांनी आली. तोवर डॉक्टरांनी बाकीच्या गोळ्याही तपासल्या. त्यात सांधेदुखीची एक निघाली, किडनीचा रक्तपुरवठा कमी करणारी. ती त्याच दिवशी बंद झाली.