मागच्या गाडीसाठी दोन ओळी

अमेरिकेत हायवेवर पुढच्या गाडीचं बंपर वाचायची सवय लागते. ट्रकच्या मागची वाक्यं वाचत मोठं झालेल्या माणसाला तर लागतेच. काही स्टिकर जिकडेतिकडे दिसतात. जुन्या, पोचे पडलेल्या गाडीवर ‘माझी दुसरी गाडी पोर्शे आहे’. शाळेनं कौतुकानं दिलेलं ‘आमचं मूल ऑनर स्टुडंट (म्हणजे हुशार विद्यार्थी) आहे’, आणि त्याला भलत्याच पालकांचं उत्तर: ‘आमच्या मुलानं तुमच्या ऑनर स्टुडंटला बदडलं’.

माझं सगळ्यांत लाडकं मात्र हे: ‘हे वाचता येत असेल, तर तुम्ही फार जवळ आला आहात.’ अक्षरं मुद्दाम बारीक. ती वाचायला जितकं जवळ जावं लागतं, तीच तुमची चूक! हसता हसता पाय ब्रेककडे जातो. नुसत्या ‘अंतर ठेवा’नं एवढं होत नाही.

सरकारी खात्यांनाही हे उमगलं होतं. मॅसॅच्युसेट्स राज्यानं २०१४ मध्ये हायवेवरच्या इलेक्ट्रॉनिक फलकांवर ‘यूज या ब्लिंकाह’ असं झळकवलं. लेन बदलताना इंडिकेटर द्या, एवढंच सांगायचं होतं, पण ते तिथल्या अस्सल बॉस्टनच्या उच्चारात, ‘ब्लिंकर’चं ‘ब्लिंकाह’ करून. ॲरिझोनानं तर अशा संदेशांसाठी लोकांची स्पर्धाच घेतली. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या महामार्ग प्रशासनाची नवी नियमावली आली आणि तिनं फलकांवरचे विनोद, सिनेमातले संदर्भ टाळायला सांगितलं. चालकाचं लक्ष विचलित होतं, हे कारण. ते मला अर्धंच पटतं. ताशी ६५ मैलांनी गाडी सेकंदाला सुमारे ९५ फूट कापते. त्यात कुणी कोडं घालू नये, हे खरंच. पण ‘ब्लिंकाह’मध्ये कोडं कुठे आहे? ती हाक आपल्या गल्लीतल्या माणसाची वाटते, म्हणून ऐकावीशी वाटते.

रस्त्यावर हसवण्याची इथली परंपराही जुनी आहे. बर्मा-शेव्ह नावाच्या दाढीच्या क्रीमच्या पाट्या १९२५ पासून मिनेसोटात लागल्या आणि पुढे देशभर पसरल्या. एका यमकी कवितेचे तुकडे ओळीनं पाच-सहा पाट्यांवर, आणि शेवटच्या पाटीवर कंपनीचं नाव. पुढची ओळ कळायला पुढची पाटी येईपर्यंत थांबायचं! कित्येक कविता जाहिरातीपेक्षा वेग कमी करा, दारू पिऊन चालवू नका, हेच सांगायच्या. गाड्यांचा वेग वाढला, रुंद महामार्ग आले, १९६३ मध्ये कंपनी विकली गेली आणि त्या पाट्या उतरल्या.

त्या पाट्यांवरूनच साउथ डकोटातल्या वॉल गावच्या हस्टेड दांपत्याला १९३६ मध्ये कल्पना सुचली. माळरानावरच्या त्यांच्या औषधाच्या दुकानाकडे कुणी फिरकत नव्हतं. त्यांनी रस्त्यावर यमक जुळवून पाट्या लावल्या: बर्फाचं पाणी फुकट. उन्हानं कावलेले प्रवासी गाड्या वळवू लागले. आज ते वॉल ड्रग नावाचं अवाढव्य दुकान आहे, आय-९० महामार्गावर कितीतरी मैल आधीपासून त्याच्या पाट्या सुरू होतात, आणि बर्फाचं पाणी अजूनही फुकटच मिळतं.