धावपट्टीवरचा खडा

आज नाशिकजवळच्या ओझर विमानतळावर सुखोई-30 एमकेआय हे लढाऊ विमान घुमत होतं आणि दिवसभर एकच गोष्ट मनात राहिली. या विमानाचा वैरी बऱ्याचदा जमिनीवरच पडलेला असतो: खडा, सेफ्टी वायरचा (बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधलेल्या तारेचा) तुकडा, विसरलेला स्क्रू. इंजिनाने तो ओढला की आत हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पात्याला खाच पडते. खाच नखाएवढी का असेना, पातं सतत थरथरतं, ताण तिथेच साठतो आणि तडा पुढे सरकतो. म्हणून बोरोस्कोप, म्हणजे आतलं पाहायची बारीक दुर्बीण-नळी, आत घालून पाती तपासतात. खाच मर्यादेत असेल तर कड घासून गुळगुळीत करायची, नाहीतर इंजिन उतरवायचं.

सुखोईत हवा आत घेणाऱ्या तोंडाशी जमिनीवर जाळी उभी राहते, उड्डाणानंतर ती आडवी होते. मूळ मिग-29 मध्ये तर ते तोंडच झडपेने बंद होतं आणि हवा पंखाच्या मुळावरच्या फटींतून येते. फार सुंदर युक्ती! पण जाळीतून बारीक वायर निसटू शकतेच. त्यामुळे माणसं ओळीने चालत टॅक्सीवेवरचा, म्हणजे विमानाच्या धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावरचा, कचरा वेचतात. आणि काम संपल्यावर हत्यारपेटीतला एक पाना जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत विमान जागचं हलत नाही.