थॉम्पसन मॉडेल ए मिळाला एकदाचा!!

गराज सेलमधे गंजक्या पान्यांच्या डब्यात पडला होता, विकणाऱ्या आजोबांनी जो भाव सांगितला तो गुपचूप दिला, घासाघीस करायची शुद्धच नव्हती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ट्राउट मासे पकडायला पिसं-दोऱ्याच्या नकली माशा बांधतात ना, तेव्हा गळ धरून ठेवणारा हा वाइस, म्हणजे छोटा शिकंजा. इलिनॉयमधल्या एल्जिनच्या थॉम्पसन कंपनीचा, इकडे कित्येक जुनी मंडळी यावरच शिकली.

दुपारभर रॉकेल आणि टूथब्रश घेऊन बसलो. मागचा लिव्हर दाबला की आतला दांडा मागे ओढला जातो आणि जबडा नळीत शिरून मिटतो, बस्स एवढंच, बिघडायला काही नाहीच यात. टोकं थोडी झिजलीयत त्यामुळे २० नंबरचा बारका गळ निसटतो, पण १४ नंबरचा जरा मोठा गळ असा धरतो की टिचकी मारली तर टण्णकन वाजतो. नवीन गोल फिरणारे वाइस भारी असतील हो, पण किमती बघून मीच गोल फिरतो 😄

मग क्विल गॉर्डन बांधली, न्यूयॉर्कच्या कॅटस्किल्स डोंगरातल्या थिओडोर गॉर्डनने बनवलेली माशी. पोट मोरपिसाचं! डोळ्याजवळची एक काडी घ्यायची, तंतू नखाने ओरबाडायचे, उरलेली पट्टी एका कडेला फिकट एका कडेला गडद असते म्हणून गुंडाळली की हुबेहूब किड्याच्या पोटासारखे पट्टे उमटतात.

बायको विचारते मासे घरी कधी येणार, तिला कोण सांगणार की आम्ही पकडून सोडून देतो 🙈

एप्रिलमधे बीव्हरकिल नदीवर कोण येतंय? गाडीत जागा आहे.