कांजीचा रविवार

सध्या माझं जपानी शिकणं चालू आहे. आजचा रविवार पूर्ण कांजीत, म्हणजे जपानीतल्या चिनी उगमाच्या अक्षरांत गेला. हिरागाना, काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या तशा लवकर हाताला बसल्या. प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं. कांजीचं प्रकरण वेगळं. रोजच्या वापराच्या सरकारी यादीतच २,१३६ आहेत! वर बहुतेकांचे दोन-तीन उच्चार. क्लास लावलेला नाही, त्यामुळे फोनवरचं अँकी हे कार्डांनी उजळणी करून घेणारं अ‍ॅपच माझे मास्तर. खडूस आहेत, विसरलेलं कार्ड लगेच पुन्हा पुढ्यात टाकतात.

व्याकरणात मात्र आपण मराठी माणसं सुखी. मराठीसारखंच क्रियापद शेवटी, प्रत्यय नामानंतर. (इंग्रजीतले व्हिडिओ एवढं समजावण्यातच अर्धा वेळ घालवतात.)

ऐकणं अजून कच्चं आहे. डिसेंबरमध्ये पुण्यातून जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-५ ही सर्वांत सोपी पातळी द्यायचा विचार आहे. श्रवणाच्या भागात रेकॉर्डिंग एकदाच वाजवतात. कोणी दिलीय का? तयारी कशी केलीत?