सहासष्ट की त्र्याहत्तर?

आमच्या नगरच्या घरात फ्रिजवर दोन बायबलं असायची. आजीचं काळं, कडा झिजलेलं, पानापानांत दुधाची बिलं खोचलेली. आईचं त्याहून जाड. आई वसईची, कॅथलिक. तिच्या बायबलात 73 पुस्तकं. आजी प्रोटेस्टंट, तिच्या ‘पवित्र शास्त्रा’त 66. या सातांच्या फरकानं घरात कधी कुणाचं अडलं नव्हतं.

अडलं ते रक्तदाबाच्या गोळीवरून. आजी म्हणाली, “प्रार्थना केलीय, गोळी कशाला?”

आईनं सासूला समजावलं, “आई, बायबलातच लिहिलंय. वैद्याचा मान राखावा, त्यालाही देवानंच घडवलंय. औषधंसुद्धा देवच जमिनीतून देतो.”

आजीनं चष्मा लावला. “कुठं?”

“सिराखचं पुस्तक, अडतिसावा अध्याय.”

चष्मा परत डबीत गेला. “ते आमच्यात नाही.”

बिचारा सिराख! ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकात त्यानं हिब्रूत लिहिलं, नातवानं इजिप्तमध्ये बसून त्याचं ग्रीक केलं, आणि दुसऱ्याच कुणाच्या आजीनं नगरमध्ये ते परतवून लावलं. अर्थात आजी एकटी नव्हती. प्रोटेस्टंट पंथाचा जनक ल्यूथर, त्यानं 1534च्या जर्मन बायबलात सिराखसारखी ही जादा पुस्तकं वेगळी काढली. शास्त्राच्या तोडीची नाहीत, पण वाचायला चांगली, असा शेरा मारून. 1546 साली कॅथलिकांच्या ट्रेंटच्या धर्मसभेनं ठणकावलं की हेही शास्त्रच. पुढे 1826 साली ब्रिटिश बायबल सोसायटीनं त्यांच्या छपाईवर पैसा घालायचा नाही असं ठरवलं. थोडक्यात, आजीच्या गोळीचा निकाल लंडनमध्ये कधीच लागला होता.

आई मात्र हटली नाही. “पण पुस्तकं सहासष्टच, हे त्या सहासष्टांत कुठं लिहिलंय?”

आजी गप्प. हा प्रश्न मला आजही बिनतोड वाटतो.

गंमत म्हणजे आजीचं ‘फक्त शास्त्र मानायचं’ तसं कधी ‘फक्त’ नव्हतंच. उठताबसता तिच्या तोंडी ना. वा. टिळकांची भजनं. यातलं अमुक कुठल्या अध्यायात आहे म्हणून विचारलं, की “टिळकांनी म्हटलंय ना!” आणि टिळक तर सांगत की तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. म्हणजे आजीच्या हिशेबात गाथा धरायची राहिलीच होती.

दुसऱ्या दिवशी आजी चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेली. (पोपचं ऐकतात म्हणून आईला हसणारी हीच!) पाळकसाहेब मुरलेले. सिराखचं नावही न काढता त्यांनी विचारलं, “आजी, शुभवर्तमान लिहिणारा लूक कोण होता?” आणि पौलाचं कलस्सैकरांना लिहिलेलं पत्र उघडून दाखवलं. चौथा अध्याय, चौदावी ओवी: प्रिय वैद्य लूक.

घरी येऊन आजीनं कुणाला काही सांगितलं नाही. रात्री जेवण झाल्यावर स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली, “अगं सूनबाई, ती लूकची गोळी दे बघू.”