एसडीए म्हणजे नेमकी कोणती डिस्क?

रॅकमधल्या इतर सर्व्हरवर किकस्टार्टने, म्हणजे इन्स्टॉलरची उत्तरं आधीच लिहून ठेवलेल्या फाइलने, रॉकी लिनक्स ९ बिनबोभाट चढत होतं. एकाचं इन्स्टॉलेशन मात्र सुरुवातीलाच थांबलं. प्री स्क्रिप्टचा, म्हणजे इन्स्टॉलेशनआधी चालणाऱ्या स्क्रिप्टचा, एरर पाहून डेटा सेंटरमधल्या सहकाऱ्याला वाटलं, मशीनच खराब आलंय. कंट्रोल-बी आणि २ दाबून शेल उघडलं, डिस्कची यादी देणारं एलएसबीएलके चालवलं आणि कारण समोर आलं. बाकी सगळीकडे एसडीए (लिनक्स पहिल्या सापडलेल्या डिस्कला देतं ते नाव) म्हणजे ४८० जीबीची बूट डिस्क होती. इथे एसडीए होती ४ टीबीची डेटा डिस्क, जुन्या एलव्हीएमसकट (डिस्कची जागा व्हॉल्यूममध्ये वाटणारी व्यवस्था). आणि बूट डिस्क एसडीबी झाली होती.

या मशीनमध्ये दोन कंट्रोलर आहेत, एक बूट डिस्कचा आणि एक डेटा डिस्कचा. कर्नल दोन्ही एकाच वेळी तपासतो आणि ज्याची डिस्क आधी सापडेल तिला पहिलं अक्षर मिळतं. पुढच्या बूटला क्रम उलटा होऊ शकतो. त्यामुळे एसडीए या नावावर कधीच विसंबू नये.

किकस्टार्टची मूळ फाइल अशीच तयार होते: एक सर्व्हर हाताने बसवायचा आणि रूटच्या होममध्ये अ‍ॅनाकोंडा या इन्स्टॉलरने ठेवलेली केएस फाइल उचलायची. सोय मोठी आहे, पण त्या फाइलमध्ये त्या एका मशीनचे तपशीलही येतात. आमच्याकडच्या फाइलमध्ये कोणती डिस्क वापरायची ते सांगणाऱ्या इग्नोरडिस्कच्या ओळीत थेट एसडीए होतं आणि खाली सगळी पार्टिशन्स पुसणारं क्लिअरपार्ट ऑल. हा सर्व्हर पुन्हा वापरात येत होता, डेटा तसाच ठेवून. प्री विभागात डिस्कचा आकार तपासून चुकीचा असल्यास थांबणारी चार ओळींची स्क्रिप्ट नसती, तर तो एलव्हीएम काही सेकंदांत पुसला गेला असता. किकस्टार्ट फाइल तपासणारा केएस-व्हॅलिडेटर यात कामाचा नाही. तो फक्त व्याकरण तपासतो, आणि फाइलचं व्याकरण बरोबरच होतं.

त्याच दिवशी तपासणीच्या जागी निवड आणली. प्री स्क्रिप्ट आता एलएसबीएलकेकडून प्रत्येक डिस्कचा आकार बाइटमध्ये घेते आणि ४०० ते ५०० अब्ज बाइटमधली डिस्क शोधते. बाइटच घ्यावेत, कारण ४८० जीबीची डिस्क एरवी ४४७जी अशी दिसते आणि तुलना फसते. यूएसबीवरची उपकरणं वगळावी लागतात. रिमोट कन्सोलवरून जोडलेली व्हर्च्युअल डिस्कही त्यांतच येते. एकही डिस्क जुळली नाही किंवा दोन जुळल्या, तर एक्झिट १, म्हणजे स्क्रिप्ट फसली असं कळवायचं. प्री विभागाला एरर-ऑन-फेल हा पर्याय द्यायलाच हवा. तो नसेल तर स्क्रिप्ट फसली तरी इन्स्टॉलर पुढे जातो.

सापडलेली डिस्क इग्नोरडिस्क, क्लिअरपार्ट आणि बूटलोडर या तीन ओळींत घालून टेम्प डिरेक्टरीतल्या फाइलमध्ये लिहायची आणि मुख्य फाइलमध्ये ती इन्क्लूड करायची. क्लिअरपार्टलाही ड्राइव्हचं नाव द्यावं, नुसतं ऑल नको. ही फाइल पुरावा म्हणून जपायची असेल, तर इन्स्टॉलेशननंतर चालणाऱ्या साध्या पोस्ट विभागातून ती सापडत नाही, कारण तो नव्या सिस्टिमच्या क्रूटमध्ये, म्हणजे तिच्याच फाइलींपुरता, चालतो. नो-क्रूट पर्याय देऊन ती एमएनटीखालच्या सिसरूटमध्ये कॉपी करावी.

रूटचा पासवर्ड मात्र या फाइलमध्ये हॅश करूनही ठेवू नये. ती साध्या एचटीटीपीवरून वाटली जाते, नेटवर्कवरचा कुणीही वाचू शकतो. रूट लॉक करून एसएसएच की घालणं बरं.

दुरुस्त फाइलने तो सर्व्हर बसला. एलव्हीएमच्या डिस्क दाखवणाऱ्या पीव्हीएसने जुना व्हॉल्यूम ग्रुप शाबूत दाखवला. त्यानंतर लगेच त्याची पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करण्याची) नोंद काढली. नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर असेल तर इन्स्टॉलेशननंतरच्या रीबूटला मशीन पुन्हा पीएक्सईवर जातं आणि स्वतःला पुन्हा पुसतं. म्हणून डीफॉल्ट नोंद लोकल डिस्कची ठेवतो. इन्स्टॉलेशनची नोंद फक्त त्या मशीनच्या मॅक पत्त्याच्या (नेटवर्क कार्डाच्या पत्त्याच्या) फाइलमध्ये असते. तिच्या नावात आधी ०१, मग मॅक पत्ता येतो, लहान अक्षरांत आणि कोलनऐवजी डॅश घालून. मोठी अक्षरं पडली तर फाइल सापडत नाही, आणि मशीन मुकाट्याने डीफॉल्टवर जातं.