डिचिंगची तयारी: फोम, दारं आणि एक उरलेली झडप

मंडळी, पंखांत फोम बसवून झाला आणि दारांच्या बिजागऱ्याही बदलल्या. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: विमान दोन आसनी, पंख वर, ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा आणि त्यावर कापड. चाकं तीन, कायम बाहेर. रिकामं वजन २९० किलो. फ्लोट (पाण्यावर उतरण्यासाठी चाकांच्या जागी लावायचे तरंगते डबे) लावायचे नाहीत, हे जमिनीवरचंच विमान राहणार. पाण्यावरून जाताना इंजिन बंद पडून डिचिंग करावं लागलं, म्हणजे नाइलाजाने पाण्यावरच उतरावं लागलं, तर दोघं जिवंत बाहेर पडावेत, एवढ्यासाठी ही खटपट.

आधी फोमचा हिशेब. एक लिटर पाणी बाजूला सारलं की एक किलोचा आधार मिळतो. माणसं पोहत बाहेर पडली की त्यांचं वजन हिशेबातून गेलं. उरले २९० किलो. त्यातलं इंजिन, नळ्या, सीट, टायर हे सगळं स्वतःही थोडंफार पाणी बाजूला सारतंच. ते जमेला धरलं तर माझ्या विमानात तूट दीडशे किलोच्या आसपास येते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं असल्याने भरलेली टाकीही थोडा हातभार लावते, पण टाकी फुटू शकते म्हणून ती मी धरली नाही.

दीडशे लिटर फोम म्हटला की डोळ्यांसमोर डोंगर येतो. प्रत्यक्षात बंद पेशींचा पॉलिइथिलीन फोम घनमीटरला ३० किलोचा घेतला, तर एवढ्या फोमचं वजन भरतं साडेचार किलो. थर्माकोल त्याहून हलका मिळतो, पण पेट्रोल लागलं की विरघळतो, आणि माझ्या टाक्या पंखातच आहेत. पिंगपाँगच्या चेंडूंचाही हिशेब करून पाहिला. ४० मिलिमीटरचा, २.७ ग्रॅमचा चेंडू जेमतेम ३१ ग्रॅम उचलतो, म्हणजे दीडशे किलोला जवळजवळ पाच हजार चेंडू. तपासणीचं झाकण उघडलं की बसा वेचत! आणि एखादा एलरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेला, विमान कलवणाऱ्या हलत्या फळीच्या) पुलीत जाऊन अडकला तर पाण्याची वाट बघायलाच नको.

हवेच्या पिशव्या हा जुना उपाय. फ्रेंच वैमानिक ब्लेरियोने २५ जुलै १९०९ ला इंग्लिश खाडी ओलांडली तेव्हा त्याच्या विमानाच्या धडात हवेची पिशवी होती. पण पिशवीला उंचीचं भान ठेवावं लागतं. पाच हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८३ टक्के उरतो, म्हणजे जमिनीवर गच्च फुगवलेली पिशवी वर जाऊन वीसेक टक्के आणखी फुगू पाहते आणि आतून कापडाला, रिबांना (पंखाला आकार देणाऱ्या फासळ्यांना) रेटते. कमी फुगवली तर खाली आल्यावर आधार कमी. फोमला असली नाटकं नाहीत.

ब्लेरियोच्या सहाच दिवस आधी, १९ जुलैला, त्याचा प्रतिस्पर्धी ह्युबर्ट लॅथमचं इंजिन त्याच खाडीवर बंद पडलं होतं. त्याने आपलं अँटोनेट विमान अलगद पाण्यावर टेकवलं. फ्रेंच युद्धनौका हार्पोन जवळ आली तेव्हा हा गडी तरंगत्या विमानात बसून निवांत सिगारेट ओढत होता. वाचायला झकास वाटतं, पण लॅथम विमानाच्या वर, उघड्यावर बसला होता. आपण पंखाखालच्या बंद खोक्यात बसतो, आणि खरी मेख तिथेच आहे.

वर पंख असलेलं विमान तरंगतं ते पंखांवर. पंख पाण्याच्या पातळीला आले की केबिन त्यांच्याखाली लटकते, म्हणजे पाण्यात. स्थिर चाकं पाण्याला अडकून विमान नाकावरून पलटी खाण्याची शक्यताही मोठी असते. तेव्हा पंख खाली जातात आणि आपली डोकी, छताला लागून असल्यामुळे, पुन्हा पाण्याच्या पातळीजवळच येतात, फक्त उलटी. सुलट असो की उलट, कोरडी केबिन मिळणार नाही हे धरूनच चालायचं. फोममुळे विमान तळाशी जात नाही, धरायला काहीतरी राहतं आणि शोधणाऱ्यांना दिसतं. त्याहून जास्त अपेक्षा मी त्याच्याकडून ठेवलेली नाही.

म्हणूनच फोम किती यापेक्षा तो कुठे हा प्रश्न मला मोठा वाटतो. शेपटीत जागा भरपूर आणि घालायला सोपी, त्यामुळे तिथे भरण्याचा मोह होतो. पण इंजिन पुढे आहे, साठेक किलोचं. शेपूट तरंगायला लावली की नाक आणखी खोल जातं आणि सोबत आपण. म्हणून सगळा फोम पंखांच्या मुळाशी, मुख्य स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या) पुढच्या खणांत घातला. ठोकळे लांब पात्याच्या सुरीने कापले, रिबेच्या आकाराचा पुठ्ठ्याचा साचा करून. चिकटवले नाहीत, पट्ट्यांनी बांधले, कारण स्पार तपासायला ते बाहेर काढावे लागणार. स्पार आणि फोम यांच्यात बोटभर फट ठेवली. फोम धातूला टेकला की तिथे ओल धरते आणि गंज सुरू होतो. कापडातली निचऱ्याची भोकं उघडी आहेत ना, हे टॉर्च लावून पाहिलं. एलरॉनच्या केबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलवून बघितल्या, कुठेही घासत नाहीत.

आता दारं. माझी दारं वर, पंखाच्या खालच्या बाजूला उघडतात. जमिनीवर फार ऐटदार दिसतात. पण बाहेर पाणी आणि आत हवा असेल तर अर्ध्या चौरस मीटरच्या दारावर, सरासरी अर्धा मीटर खोलीला, अडीचशे किलोचा जोर येतो. केबिन भरून दाब सारखा होईपर्यंत दार हलत नाही, आणि तोपर्यंत सांगाडा वाकून खिट्टी अडकली असेल तर नंतरही नाही. गाडीतली काच फोडायची हातोडी इथे उपयोगाची नाही. ती कडक केलेल्या काचेसाठी असते, आणि आपल्या खिडक्या पॉलिकार्बोनेटच्या. वापरलेला एक जुना पत्रा बाकावर धरून ठोकून पाहिला. हातोडी उडून परत आली, पत्र्यावर फक्त पांढरा ठिपका.

म्हणून बिजागऱ्यांच्या कायमच्या पिना काढून ओढून निघणाऱ्या पिना घातल्या. दोन्ही पिना एका लाल दोरीला जोडल्या आहेत. दोरी दाराच्या चौकटीला लागून, सीटवर बसून डोळे मिटूनही हाताला लागते. ती विमान पूर्ण थांबल्यावरच ओढायची, हवेत सुटलेलं दार थेट शेपटीवर जाऊ शकतं. टेकण्यापूर्वी फक्त खिट्टी उघडायची आणि फटीत पाचर मारायची. हे सगळं दाखवल्यावर माझा उडण्याचा जोडीदार म्हणतो, "अरे, मग पाण्यावरून जाताना दारं काढूनच जाऊ की!" आमच्या विमानाच्या पुस्तिकेत दारं काढून उडायला परवानगी आहे, त्यामुळे यावर माझ्याकडे उत्तर नाही. थंडी वाजेल, एवढंच.

बाहेर पडण्याचा क्रम आम्ही हँगरमध्ये डोळ्यांवर पट्टी बांधून घोकतोय. हेडसेट आधीच काढून ठेवायचा, त्याची वायर गळ्यात अडकते. एक हात दाराच्या चौकटीवर, आणि तो सोडायचा नाही. हालचाल थांबली की दार. पट्टा सगळ्यात शेवटी. पट्टा आधी सोडला तर उलट्या केबिनमध्ये माणूस तरंगू लागतो आणि वर कुठे, खाली कुठे, काही कळत नाही.

लाइफ जॅकेट हाताने ओढून फुगणारंच हवं. पाणी लागताच आपोआप फुगणारं जॅकेट बुडत्या केबिनमध्ये माणसाला छताला चिकटवतं. ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं. सिलिंडरवर एकूण वजन कोरलेलं असतं, ते काट्यावर ताडून पाहिलं. ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा साधारण अठरा लिटर वायू होतो, पुरतो. बीकन (संकटात उपग्रहाला संदेश पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचा, आणि तो जॅकेटच्या खिशात दोरीने बांधलेला. विमानात बसवलेल्या बीकनचा अँटेना पाण्याखाली गेला की त्याचा उपयोग संपला. फक्त १२१.५ वर बोलणारे जुने बीकन उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून ऐकणं बंद केलं आहे, कोणाकडे तसला असेल तर बदला.

उंचीचं गणितही केलं. इंजिन बंद असताना एक मीटर खाली येताना हे विमान नऊ मीटर पुढे जातं. बारा किलोमीटर रुंद पाण्याच्या मध्यावर दोन्ही काठ सहा किलोमीटरवर, म्हणजे वारा नसताना सुमारे ६७० मीटर उंची हवी. वारा आणि घाबरून घालवलेले क्षण धरून मी हजार मीटरच्या खाली ओलांडणार नाही. या सगळ्या फेरफारांपेक्षा ही उंची जास्त कामाची आहे आणि तिला पान्हाही लागत नाही.

उरलं आहे ते टाकीच्या व्हेंटचं, म्हणजे टाकीत हवा घेणाऱ्या नळीचं, काम. विमान उलटलं की व्हेंटमधून पेट्रोल गळून पाण्यावर पसरतं, नेमकं जिथे आपण डोकं वर काढणार तिथे, आणि डोळ्यांत, तोंडात जातं. म्हणून उलटल्यावर बंद होणारी गोळीची झडप नळीत घालायची आहे. पण तीच झडप सरळ उड्डाणात अडकली तर टाकीत हवा जाणार नाही आणि इंजिन उपाशी मरेल. तेव्हा आधी बाकावर तिरकी, आडवी, हादरे देत तपासायची. मग विमान जमिनीवर नाक वर करून उभं करायचं आणि टाकीतून ताशी किती लिटर पेट्रोल येतं ते मोजायचं. इंजिनाच्या पूर्ण ताकदीच्या गरजेच्या दीडपट प्रवाह मिळाला नाही, तर झडप परत डब्यात.